फुप्फुसाचा कॅन्सर आणि जनुकं : घरच्यांना पडणारे प्रश्न

बायॉप्सीचा रिपोर्ट आला की पहिला प्रश्न असतो, ‘कितवी स्टेज?’ दुसरा जरा दबक्या आवाजात येतो : ‘हे मुलांना होईल का?’ खालची बरीचशी उत्तरं या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरतात. इथली माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या पेशंटचा निर्णय त्यांचे रिपोर्ट आणि स्कॅन पाहिलेल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

बाबांच्या रिपोर्टमध्ये ‘ईजीएफआर म्युटेशन डिटेक्टेड’ आलंय. म्हणजे हा आजार आमच्या घराण्यात आहे का?

जवळजवळ नक्कीच नाही. ईजीएफआर हे एक जनुक आणि म्युटेशन म्हणजे त्यात झालेला बदल. रिपोर्ट हातात असेल तर त्याचा वरचा भाग पुन्हा वाचा. नमुन्याच्या रकान्यात ‘पॅराफिन ब्लॉक’, ‘लंग बायॉप्सी’ असं काहीतरी लिहिलेलं सापडेल. म्हणजे लॅबने तपासला तो गाठीचा तुकडा. खाली ‘एक्झॉन १९ डिलिशन’ किंवा ‘एल८५८आर’ असं आलं असेल, तर तो बदल बाबांच्या फुप्फुसातल्या एखाद्या पेशीत, ते मोठे झाल्यावर कधीतरी झाला. त्या एका पेशीपासून वाढत वाढत गाठ झाली. बाबांच्या बाकीच्या शरीरात तो बदल नव्हता, तुम्हाला त्यांच्याकडून जे जनुक मिळालं त्यातही नव्हता. खुरपं धरून बापाच्या हाताला पडलेला घट्टा मुलाला जन्मतः येत नाही, तसंच हे.

गोंधळ होतो तो ओपीडीत. शंभर पेशंट बाहेर ताटकळत असताना डॉक्टर ‘जेनेटिक टेस्ट करून घ्या’ एवढंच सांगतात. घरचे ‘जेनेटिक’ ऐकतात आणि आपापल्या काका-आत्यांची यादी काढायला बसतात. डॉक्टरांचा हेतू वेगळाच असतो. गाठीत कोणता बदल आहे यावर कोणती गोळी चालेल हे ठरतं, म्हणून ती टेस्ट सांगितलेली असते.

पण आमची टेस्ट रक्तातून केली होती. मग तर ते रक्तात आलं ना?

नाही. याला लिक्विड बायॉप्सी म्हणतात. गाठीतल्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात उतरतात आणि लॅब ते शोधते. गाठ अवघड जागी असेल, पेशंटला पुन्हा सुई लावणं झेपणार नसेल किंवा बायॉप्सीत पुरेसा तुकडा मिळाला नसेल, तर हा मार्ग घेतात. रक्त तपासलं तरी शोध गाठीचाच असतो. एक लक्षात ठेवा : रक्तात बदल सापडला नाही म्हणजे गाठीत नाहीच, असं होत नाही. काही गाठी रक्तात फार कमी डीएनए सोडतात.

मग जन्मजात बदलामुळे फुप्फुसाचा कॅन्सर होतच नाही का?

होतो, पण क्वचित. ईजीएफआर जनुकातला टी७९०एम नावाचा बदल काही थोड्या कुटुंबांत पिढीजात आढळला आहे. हाच बदल जेफिटिनिब किंवा अर्लोटिनिब घेणाऱ्या पेशंटच्या गाठीत औषध चालेनासं झाल्यावर नव्याने उगवतो, आणि तसं होणं नेहमीचं आहे. म्हणून तो उपचार सुरू होण्याआधीच दिसला, तेही नमुन्यातल्या जवळपास निम्म्या डीएनएमध्ये, तर डॉक्टर जन्मजात असल्याची शंका घेतात.

दुसरं नाव टीपी५३. या जनुकात जन्मजात दोष असला की ली-फ्रॉमेनी सिंड्रोम होतो. फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्रॉमेनी या अमेरिकन डॉक्टरांनी १९६९ मध्ये त्याचं वर्णन केलं. अशा घरांत लहान वयात हाडांचे, स्नायूंचे, स्तनांचे, मेंदूचे कॅन्सर एकामागोमाग दिसतात, फुप्फुसाचाही दिसू शकतो. पण टीपी५३ हे नाव नुसत्या गाठीच्या रिपोर्टवर पाहून घाबरू नका. फुप्फुसाच्या बऱ्याच गाठींत हे जनुक नंतर बिघडलेलं असतं.

शंका घेण्यासारखी घरं साधारण अशी : पेशंट चाळिशीच्या आतला, किंवा एकाच रक्ताच्या नात्यात तीन-चार जणांना कमी वयात कॅन्सर. अशा वेळी जेनेटिक काउन्सेलरची भेट मागा. त्यासाठीची चाचणी वेगळी असते. ती पेशंटच्या निरोगी पेशींची, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींची किंवा थुंकीची करतात.

घरात एकाला झाला, की भावंडांचा आणि मुलांचा धोका वाढतो का?

थोडा वाढतो. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडापैकी कुणाला फुप्फुसाचा कॅन्सर झाला असेल, तर इतरांपेक्षा धोका साधारण दीडपट ते दुप्पट धरतात. यातला जनुकांचा वाटा किती आणि एकाच घराचा किती, हे वेगळं काढणं अवघड असतं. वडील घरात सिगारेट ओढत होते, मुलं त्याच खोलीत अभ्यास करत होती. सगळे एकाच चुलीच्या धुरात वाढले, एकाच चाळीत रस्त्याकडेच्या खोलीत राहिले. पुढे मुलानेही वडिलांचंच पाकीट उचललं. नातं रक्ताचं तसं धुराचंही.

जनुकांचा एक आडवळणाचा वाटाही आहे. २००८ मध्ये तीन संशोधन गटांना जवळजवळ एकाच वेळी पंधराव्या गुणसूत्रावरचा एक तुकडा फुप्फुसाच्या कॅन्सरशी जोडलेला सापडला. तिथली जनुकं निकोटिन चावीसारखं पेशींवरच्या ज्या कुलुपांना लागतं ती कुलुपं तयार करतात. ज्यांच्याकडे त्याचं विशिष्ट रूप असतं, ते ओढतात तेव्हा जास्त ओढतात आणि त्यांना सोडणं जड जातं.

आमच्या आजोबांनी नव्वदीपर्यंत विडी ओढली, काही झालं नाही. मग?

प्रत्येक घरात असे एक आजोबा असतात. त्यांच्याबरोबर विडी ओढणारे आणि पासष्टीत गेलेले मित्र मात्र कुणाच्या गोष्टीत येत नाहीत.

आकडे असे आहेत. ब्रिटनमधल्या आकडेवारीवर रिचर्ड पीटो आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये हिशेब मांडला. आयुष्यभर ओढत राहिलेल्या पुरुषांपैकी सुमारे १६ टक्के पंचाहत्तरीपर्यंत फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले असते. म्हणजे शंभरातले चौऱ्याऐंशी या आजारातून सुटतात, तुमचे आजोबा त्यांतले. पण तंबाखू फक्त याच मार्गाने मारत नाही. हृदयविकार, पक्षाघात, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा जुनाट आजार), तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर हे सगळं धरलं, तर आयुष्यभर ओढणाऱ्यांपैकी निम्मे अखेर तंबाखूमुळेच जातात.

इतकी वर्षं ओढली, आता सोडून काय उपयोग?

त्याच हिशेबातलं पुढचं वाचा. पन्नाशीत सोडणाऱ्यांचा तो १६ टक्क्यांचा धोका ६ वर येतो, चाळिशीत सोडला तर ३ वर, तिशीत सोडला तर २ च्या आसपास. साठीला सोडणाऱ्यालाही तो १० पर्यंत खाली आणता येतो. ‘आता काय फरक पडतो’ हे वाक्य विडीच बोलते, माणूस नाही.

हा धोका कळला कसा तेही सांगण्यासारखं आहे. १९५० मध्ये लंडनला रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी हॉस्पिटलमधल्या पेशंटांना सवयी विचारत अभ्यास केला. डॉल यांचा सुरुवातीचा संशय रस्त्यावर टाकल्या जाणाऱ्या डांबरावर होता. आकडे पुढे आले आणि त्यांनी स्वतःची सिगारेट बंद केली. पुढे सिगारेटचा धूर डीएनएवर ज्या खुणा सोडतो त्या मोजताही आल्या. २०१६ मधल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की रोज एक पाकीट वर्षभर ओढलं की फुप्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी दीडशे बदल जमा होतात. हे बदल नंतर पुसले जात नाहीत. नव्याने पडायचे मात्र थांबतात.

सोडायला मदत हवी असेल तर केंद्र सरकारची मोफत क्विटलाइन १८००-११-२३५६ आहे. नुसत्या इच्छाशक्तीवर सोडणाऱ्यांपेक्षा निकोटिन गम, गोळ्या आणि समुपदेशन घेणारे जास्त यशस्वी होतात. मदत मागण्यात कमीपणा नाही.

विडी पानाची असते, सिगारेटपेक्षा बरी ना?

नाही. विडीत तंबाखू कमी असला तरी तिला फिल्टर नसतो आणि तेंदूचं पान हवा पटकन आत घेत नाही. ती विझू नये म्हणून वारंवार, जोरात झुरके मारावे लागतात. त्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतकंच किंवा जास्तच आत जातं.

मशेरीमुळे फुप्फुसाचा कॅन्सर होतो का?

मशेरी कशी करतात ते बहुतेकांनी आजीच्या हातून पाहिलेलं असतं. तव्यावर तंबाखू काळा होईपर्यंत परतायचा, घरभर ठसका बसवायचा, मग कुटून डबीत भरायचा. तिचा मोठा धोका तोंडाला, हिरड्यांना, घशाला आणि अन्ननलिकेला. फुप्फुसाच्या कॅन्सरचं मुख्य कारण धूर. महाराष्ट्रातला तंबाखू बहुतांशी तोंडात जातो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, तर मशेरी, खैनी, गुटखा वगैरे वापरणारे २४.४ टक्के. आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरची रांग एवढी लांब का, याचं उत्तर या आकड्यात आहे.

आई कधी विडीच्या वाटेला गेली नाही. तिला कसा झाला?

हा प्रश्न सगळ्यात कळवळून विचारला जातो, कारण त्यामागे शेजाऱ्यांची कुजबुज असते. भारतातल्या मोठ्या हॉस्पिटलांत येणाऱ्या फुप्फुसाच्या पेशंटांत कधीच धूम्रपान न केलेल्यांचं प्रमाण पाश्चात्य देशांपेक्षा बरंच जास्त असतं, बायकांमध्ये तर फारच. त्यांना बहुतेक वेळा अ‍ॅडेनोकार्सिनोमा हा फुप्फुसाच्या कॅन्सरचा प्रकार होतो. ईजीएफआर आणि एएलके या जनुकांतले बदल याच प्रकारात जास्त सापडतात. भारतीय अ‍ॅडेनोकार्सिनोमाच्या साधारण चौथ्या हिश्श्यात, काही ठिकाणी त्याहून जास्त, ईजीएफआर बदल असतो. युरोपीय वंशाच्या लोकांत हेच प्रमाण दहा-पंधरा टक्के.

कारण एकच सांगता येत नाही. दुसऱ्याचा धूर हे पहिलं. १९८१ मध्ये जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी दाखवून दिलं, की नवरा ओढत असेल तर न ओढणाऱ्या बायकोलाही धोका वाढतो. वाढ साधारण २० ते ३० टक्के धरली जाते.

दुसरी चूल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने घरात दगडी कोळसा जाळल्यावर होणारा धूर थेट ‘कॅन्सर करणारा’ या गटात घातला आहे, तर लाकूड-गोवऱ्यांचा धूर ‘बहुधा कॅन्सर करणारा’ या गटात. चीनमधल्या श्वेनवेई भागात बायका सिगारेट ओढत नसत, तरी त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर प्रचंड होता. तिथे घरात धुरकट कोळशाची उघडी चूल पेटायची. चुलीला धुराडं बसवलेल्या घरांत पुढे धोका बराच उतरलेला दिसला. आपल्याकडे सिलिंडर आला तरी पाणी तापवायला आणि भाकरीला चूल चालूच असते. ती बंद करणं जमत नसेल तर निदान ती अंगणात हलवा किंवा वर धुराडं काढा.

तिसरी हवा. डिझेलचा धूर २०१२ मध्ये आणि एकूणच बाहेरची प्रदूषित हवा २०१३ मध्ये कॅन्सरकारक ठरवली गेली. ती नेमकं काय करते हे लंडनच्या चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटाने २०२३ मध्ये बऱ्यापैकी उलगडलं. वय वाढतं तसे आपल्या निरोगी फुप्फुसांतही ईजीएफआरसारखे बदल झालेल्या काही पेशी तयार होतात आणि बहुतेकांत त्या आयुष्यभर गप्प पडून राहतात. पीएम २.५ हे सूक्ष्म कण आत गेले की फुप्फुस सुजतं, इंटरल्यूकिन-१ बीटा नावाचं रसायन सुटतं आणि त्या पेशी जाग्या होऊन वाढायला लागतात. म्हणजे नवा बदल कण घडवतीलच असं नाही, आधीच पडलेल्या ठिणगीला ते फुंकर घालतात. म्हणून आईच्या बाबतीत ‘जनुकं की प्रदूषण’ असा वादच चुकीचा आहे, दोन्ही एकाच पेशीत भेटतात. जागतिक आरोग्य संघटना पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम सांगते, भारताचं मानक ४० आहे. तेही आपल्या कित्येक शहरांना गाठता येत नाही.

आणि कधीकधी यातलं काहीच सापडत नाही. तेव्हा आईने काय चुकीचं केलं हे शोधत बसू नका.

कामाच्या ठिकाणचे धोके कोणते?

अ‍ॅस्बेस्टॉस सगळ्यात वर. भारतात त्याच्या खाणकामावर बंदी आहे, पण आयात चालते आणि सिमेंटच्या पत्र्यांत तो वापरला जातो. डोक्यावर शाबूत असलेला पत्रा तसा निरुपद्रवी असतो. तो कापताना, फोडताना, भोकं पाडताना उडणारी धूळ घातक. त्रास वीस ते चाळीस वर्षांनी दिसतो, त्यामुळे निवृत्त माणसाच्या आजाराचा जुन्या गिरणीशी किंवा गोदीशी संबंध कुणी लावत नाही. अ‍ॅस्बेस्टॉस आणि सिगारेट एकत्र आले की धोका एकाने दुसऱ्याला गुणल्यासारखा वाढतो. खडी क्रशरवरची सिलिका, वेल्डिंगचा धूर, क्रोमियम-निकेलचं काम, गॅरेजमधला डिझेलचा धूर हेही यादीत आहेत. डॉक्टरांना आताच्या नोकरीसोबत तीस वर्षांपूर्वीची नोकरीही सांगा.

सिकलसेल, थॅलॅसेमिया यांना आनुवंशिक म्हणतात. त्यात आणि यात फरक काय?

तिथे हिशेब सरळ असतो. आई आणि वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, नुसतं वाहक होण्याची ५० टक्के. दोष जन्मापासून शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतो आणि लग्नाआधी रक्ताच्या साध्या चाचणीत कळतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल पुष्कळ आहे, त्यामुळे तिथे ही चाचणी सोडूच नये. मामाच्या मुलीशी किंवा आतेबहिणीशी लग्नात हाच मुद्दा येतो. पहिल्या पिढीच्या चुलत-मावस-आते-मामे भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुकं सारखी असतात, त्यामुळे दोघांकडे एकच लपलेला दोष असण्याची शक्यता वाढते. फुप्फुसाच्या कॅन्सरचा अशा लग्नाशी असा सरळ संबंध नाही.

फुप्फुसांना त्रास देणारे जन्मजात आजार मात्र आहेत. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये सातव्या गुणसूत्रावरचं जनुक बिघडलेलं असतं, ते १९८९ मध्ये सापडलं. बाळाचा घाम खारट लागतो, वजन वाढत नाही, वारंवार न्यूमोनिया होतो. आपल्याकडे बऱ्याचदा त्यावर आधी टीबीचे उपचार होऊन जातात. अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची कमतरता १९६३ मध्ये स्वीडनमध्ये ओळखली गेली. असा माणूस सिगारेट ओढत असेल तर तरुणपणीच त्याची फुप्फुसं फुगून निकामी व्हायला लागतात. भारतात हा आजार दुर्मीळ आहे.

आम्हाला आधी टीबी सांगितला होता. सहा महिने गेले. असं कसं होतं?

फार घरांची हीच कहाणी आहे. तीन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळी कणकण, वजन उतरलेलं, कधी थुंकीत रक्ताची रेघ, एक्स-रेवर वरच्या भागात डाग. आपल्या देशात हे पाहून डॉक्टरांच्या मनात आधी टीबी येतो आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं, कारण जगातल्या टीबीच्या पेशंटांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. मग एकेटीचा, म्हणजे टीबीच्या गोळ्यांचा, कोर्स सुरू होतो. पहिल्या महिन्यात थोडं बरं वाटतं, घरचे निश्चिंत होतात.

घोळ तिथे होतो जिथे थुंकीत जंतू सापडलेलेच नसतात आणि कोर्स नुसत्या एक्स-रेवर सुरू होतो. म्हणून हे विचारायला लाजू नका : थुंकीची सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी) तपासणी झाली का? निकाल काय आला? निगेटिव्ह असेल आणि चार-सहा आठवडे गोळ्या घेऊनही खोकला, वजन, एक्स-रे यांत फरक नसेल, तर सीटी स्कॅन आणि गरज पडली तर दुर्बिणीतून तपासणी व्हायला हवी. उगाच ‘कोर्स पुरा होऊ द्या’ म्हणून थांबू नका. दोन्ही आजार एकाच वेळी असणंही शक्य आहे. जुन्या टीबीच्या व्रणाशेजारी पुढे गाठ होण्याचा धोकाही थोडा जास्त असतो.

खोकल्याखेरीज या गोष्टींकडेही लक्ष द्या : आवाज बसला तो आठवडे उलटले तरी सुटत नाही, खांदा दुखून दंडातून कळ येते, चेहरा आणि मान सुजते, बोटांची टोकं ढोलाच्या काठीसारखी गोल होतात. चाळिशीच्या पुढच्या माणसाच्या थुंकीत एकदाही रक्त दिसलं तर ‘गरम पडलं’ म्हणून सोडून देऊ नका. आणि साधा एक्स-रे नॉर्मल आला म्हणून पूर्ण निर्धास्तही होऊ नका.

सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणतात. बायॉप्सी करू का?

करा. सुईच्या वाटेवर पेशी रुजणं अत्यंत दुर्मीळ आहे. ‘बायॉप्सीनंतर आजार वाढला’ असं वाटतं कारण तो तोपर्यंत वाढलेलाच असतो आणि त्यानंतर रिपोर्टमध्ये दिसू लागतो. बायॉप्सी न करता दिलेल्या कुठल्याही जडीबुटीचा, राखेचा आणि ‘सात दिवसांत गाठ विरघळवतो’ म्हणणाऱ्यांचा नाद सोडा. त्यात पैशांपेक्षा महिने जास्त जातात.

काही त्रास नसताना तपासणी करून घ्यावी का?

सगळ्यांनी नाही. अमेरिकेत ५३ हजारांहून जास्त, भरपूर धूम्रपान केलेल्या लोकांवर झालेल्या अभ्यासात कमी मात्रेच्या सीटी स्कॅनने या कॅन्सरचे मृत्यू २० टक्के कमी झाले. निकाल २०११ मध्ये आला. तिथे आता ५० ते ८० वयाच्या, रोज एक पाकीट या हिशेबाने निदान वीस वर्षं ओढलेल्या आणि अजून ओढणाऱ्या किंवा गेल्या पंधरा वर्षांत सोडलेल्या लोकांना दरवर्षी हा स्कॅन सांगतात. भारतात असा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. सरकारी तपासणी मोहिमा तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखापुरत्या आहेत. आपल्याकडे जुन्या टीबीचे डाग इतक्या जणांच्या फुप्फुसांत असतात, की स्कॅनवर उगाच संशय आणि त्यामागे बायॉप्सी असं होऊ शकतं. ज्यांनी खूप ओढली आहे त्यांनी छातीच्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं. हेल्थ पॅकेजमधल्या ‘कॅन्सर मार्कर’ रक्तचाचण्यांवर पैसे घालवू नका, त्यांतून फुप्फुसाचा कॅन्सर लवकर पकडता येत नाही.

चौथी स्टेज आणि म्युटेशन, म्हणजे दुहेरी वाईट ना?

उलट. चौथ्या स्टेजला गोळीने आवरता येणारा बदल सापडणं ही बहुतेक वेळा चांगली बातमी असते. २००४ मध्ये ईजीएफआर बदलाचा आणि जेफिटिनिबचा संबंध कळला. २००७ मध्ये जपानी संशोधकांना एएलके जनुकाची दुसऱ्या जनुकाशी झालेली जोडणी सापडली आणि चार वर्षांत त्यावरचं क्रिझोटिनिब बाजारात आलं. नंतर ओसिमर्टिनिब आलं. ईजीएफआर बदल असलेल्या, पसरलेल्या आजारात ते पहिल्यापासून दिलं तेव्हा चाचणीतल्या निम्म्या पेशंटांनी सव्वातीन वर्षांच्या आसपास, नेमकं सांगायचं तर ३८.६ महिन्यांचा टप्पा ओलांडला. केमोच्या जमान्यात हे आकडे एका वर्षाच्या आसपास रेंगाळायचे. आजार मुळासकट जात नाही, गोळी काही काळाने चालेनाशी होते. पण मधल्या काळात माणूस कामावर जातो, नातवाच्या मुंजीला उभा राहतो. गोळी सुरू असताना अंगावर मुरुमासारखी पुरळ येणं, जुलाब होणं, नखांच्या कडा दुखणं हे नेहमीचं. तेवढ्यासाठी गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

याचाच अर्थ, म्युटेशनचा रिपोर्ट येईपर्यंतचे दोन-तीन आठवडे तब्येत बरी असेल तर थांबणं फायद्याचं ठरतं. घाईत ‘काहीतरी सुरू करा’ म्हणून मागे लागू नका.

खर्चाचं : जेफिटिनिबची भारतीय जेनेरिक स्वस्तात मिळतात. ओसिमर्टिनिब महाग, पण जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात त्यावरची कस्टम ड्युटी माफ झाली आणि कंपन्यांच्या पेशंट-मदत योजनाही असतात, तेव्हा छापील किमतीवर थांबू नका. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या काउंटरवर.

मुलीचं लग्न ठरतंय. बाबांचं सांगायचं की लपवायचं?

वैद्यकीय दृष्टीने लपवण्यासारखं काही नाही. बाबांच्या गाठीतला बदल मुलीकडे आलेला नाही, तिच्या मुलांकडे जाणार नाही आणि हा आजार शेजारी बसून, एका ताटात जेवून लागत नाही. समोरच्यांनी विचारलं तर हे एवढंच वाक्य डॉक्टरांकडून लिहून घ्या, सहीनिशी. लपवायचं ठरवलं की त्याची शिक्षा पेशंटला होते. पाहुणे येणार म्हणून त्याला गावाला धाडतात, केमोची तारीख पुढे ढकलतात, केस गेलेत म्हणून साखरपुड्याला येऊ नका म्हणतात. हे सारं आपल्याकडे चांगल्या शिकलेल्या घरांत चालतं.

भारतात हा आजार एवढा जीवघेणा का ठरतो?

उशिरा कळतो म्हणून. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे ८१ हजार नवे रुग्ण आणि ७५ हजार मृत्यू. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की पेशंट कोणत्या स्टेजला येतात ते कळतं.

मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये, परळला किंवा खारघरला, दाखवायला न्यायचंय. सोबत काय घ्यायचं?

सगळ्या स्कॅनच्या सीडी घ्या, नुसते रिपोर्टचे कागद पुरत नाहीत. जुने एक्स-रे असतील तर तेही, अगदी पाच वर्षांपूर्वीचे, कारण डाग तेव्हापासून आहे का यावर बरंच ठरतं. टीबीच्या गोळ्या झाल्या असतील तर त्यांच्या तारखा. आणि जिथे बायॉप्सी झाली त्या लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला, नखाएवढा गाठीचा तुकडा. म्युटेशनची टेस्ट त्याच्यावरच होते आणि तो नसला की पेशंटला पुन्हा सुई लावावी लागते. लॅब देत नाही म्हणाली तर अर्ज करा, तो पेशंटला मागता येतो. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. नव्या हॉस्पिटलात जमा करताना पावती घ्या, त्यावर ब्लॉकचा नंबर लिहिलाय का ते तिथेच काउंटरवर पाहा.